हातातलं कुसळ, चहातलं औषध

माझ्या बायकोने मला फसवलं. भाताची कापणी उरकल्यापासून शिमगा होऊन जाईपर्यंत ती माझ्या सकाळच्या चहात औषध घालत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. तिच्या भावाला माहीत होतं. खोपोलीच्या ज्या डॉक्टरने ते औषध लिहून दिलं त्याला माहीत होतं, आणि त्याने तर तोवर मला पाहिलंही नव्हतं. ज्याच्या पोटात ते जात होतं, तेवढ्यालाच माहीत नव्हतं.

त्या औषधाने मी बरा झालो. समोरचा जे बोलणार ते आपणच आधी बोलून टाकायचं, ही माझी भाव करायची जुनी रीत आहे. म्हणून हे आधीच सांगितलं. शेवटी कुणी मला ते ऐकवायला नको.

ज्यांच्या अंगात काहीतरी चालतंय आणि घरचे मानत नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. त्यांच्या घरच्यांसाठीही लिहितोय. त्यांनी जरा जास्त लक्ष देऊन वाचावं.

माझा हात

हायवेला लागून, कुंभिवलीच्या थोडं पुढे माझी गवताची वखार आहे. पावसाळा संपला की कर्जत-खालापूरच्या माळांवरचं उभं गवत मी विकत घेतो, कापून वाळवतो, प्रेसमध्ये दाबून त्याच्या गासड्या बांधतो आणि मुंबईच्या तबेल्यांना पाठवतो. लहानपणी हेच गवत भारे करून डोक्यावर वाहिलं. बापाने मागे काही ठेवलं नाही, सासऱ्याने काही दिलं नाही. जे आहे ते तोंडाने आणि हाताने मिळवलं.

हाताने म्हणजे खरोखर हाताने. गासडी बाहेरून पिवळीधमक दिसते आणि पोटात ओली असते. ओली गासडी रचून ठेवली की आतून तापते, काळी पडते, कधी पेटतेही. म्हणून मी गासडीच्या पोटात कोपरापर्यंत हात खुपसतो आणि सांगतो, ही चालेल, ही नाही. भावावरून तबेलेवाले माझ्याशी आई-बहिणीवर आले असतील, पण माझ्या हाताने सांगितलेल्या ओलीवर कधी कुणी वाद घातला नव्हता.

त्याच हातात ते शिरलं. कुसळ. ज्यांनी गवतात काम केलेलं नाही त्यांना सांगतो. काही गवतांच्या बीला सुईसारखं टोक असतं आणि मागे लांब केस. कपड्यात घुसलं की ते मागे येत नाही, पुढेच सरकतं. ओल लागली की तो केस पीळ खातो आणि बी आपोआप आत शिरतं. हे खरं आहे, आमच्याकडे कुणालाही विचारा. त्याच्या आदल्या हंगामाच्या अखेरीला डाव्या मनगटाच्या वर मला टोचलं. बाहेर होतं तेवढं उपटून काढलं. टोक आत मोडलं असं वाटलं.

काही दिवसांनी ते चालायला लागलं.

मनगटाकडून कोपराकडे. थांबायचं, वळायचं, पुन्हा निघायचं. खाज नव्हे, दुखणंही नव्हे. चालणं. मला जेवढं स्पष्ट कळत होतं तेवढं आजही दुसऱ्या कुणाला कळवता येत नाही.

प्रेसवरच्या किसनला सांगितलं. तो माझ्याकडचा सगळ्यात जुना माणूस. त्याने हात दाबून पाहिला.

"शेठ, आत गेलंय त्ये. आमच्या म्हशीच्या गालात आसंच गेलं व्हतं. पार गळ्यापाशी निघालं."

"मग काय करायचं?"

"गूळ-चुना बांधा. नाय ओढलं तर बिबा लावा."

गूळ-चुना बांधला. नाही ओढलं. मग बिबा तापवून त्याचं तेल लावलं, एका जागी, मग ते जिथं सरकलं त्या जागी, मग तिच्याही पुढे. हाताला फोड आले, कातडी सोलून निघाली. बायको, सुनंदा, दारात उभी राहून म्हणाली, "अवं, हात जाळून घेताय का काय?" मी म्हटलं, "तू गप बस गं. तुझ्यात नाय चालत ते."

डबी

कर्जतच्या त्वचेच्या डॉक्टरकडे मी चुन्याची रिकामी डबी घेऊन गेलो. हातातून निघालेले बारीक तुकडे त्यात जमवले होते. त्यांनी भिंगाखाली नीट पाहिले. माणूस वाईट नव्हता, घाई करत नव्हता.

"हे कातडीचे पापुद्रे आहेत. हा शर्टाचा दोरा."

"आणि हे टोक?"

"ही वाळलेली खपली आहे."

एक्स-रेमध्ये काही नव्हतं. मी म्हटलं, खिळा दिसेल त्यात, गवताची काडी कशी दिसेल? ते म्हणाले, बरोबर आहे, सोनोग्राफी करू. त्यातही काही नव्हतं. मी म्हटलं, ते एका जागी थांबत नाही, तुम्ही इथे बघता तोवर ते तिथे जातं. एका सर्जनला गळ घालून मी कोपराखाली चीरसुद्धा देववली. काही निघालं नाही. टाके घालत असताना मला ते दंडाकडे निघालेलं जाणवत होतं.

त्यानंतर त्वचेचे डॉक्टर मला म्हणाले, "तुमच्या कातडीत काही नाही. मेंदू तुम्हाला चुकीची खबर देतोय. यावर गोळी आहे, लागू पडते. पण ती मनाच्या डॉक्टरकडून घ्यावी लागेल."

"म्हणजे मी वेडा?"

"असं मी म्हटलेलं नाही."

मी टेबलावर हात आपटला. इतक्या मोठ्याने बोललो की बाहेर बाकावर बसलेली माणसं उठून उभी राहिली. आयुष्यभर मी माणसाच्या डोळ्यात बघून त्याच्या मनातला भाव ओळखत आलो, आणि हा मला सांगतो की माझ्या हातात काय आहे ते मला कळत नाही.

परतताना टेंपोत सुनंदा म्हणाली, "घ्यून तर बघा गोळी."

"गोळीनं कुसळ निघतं का गं?"

"नाय निघालं तर नाय निघालं. बघाय काय जातंय?"

"माझी अब्रू जाते," मी म्हटलं. तो विषय मी तिथे बंद केला. बंद झाला असं मला वाटलं.

ओसरीवरचं ताट

पूर्वी मला विषमज्वर झाला होता तेव्हा अर्धं गाव भेटायला आलं होतं. मोसंबी, बिस्किटं, सल्ले. या वेळी कुणी आलं नाही. ज्या दुखण्याला नाव सांगता येत नाही त्याला भेटायला माणसं येत नाहीत. ती हसतात. हायवेवरच्या चहाच्या टपरीवर हाक यायची, "काय शेठ, निघालं का?"

माझ्याकडून कुसळ दुसऱ्याला लागेल अशी मला धास्ती होती. अंथरुणं उकळायला लावली. ताट वेगळं केलं आणि ओसरीवर एकटा जेवायला लागलो. मुलगी शेलूला राहते, तिकडच्या नव्या बिल्डिंगमध्ये. ती छोटीला, माझ्या नातीला, घेऊन आली तर छोटी नेहमीसारखी मांडीवर चढायला लागली. मी तिला ढकललं. जोरात नाही, पण ढकललं. तिचा चेहरा पाहून मी वखारीत निघून गेलो आणि त्या दोघी जाईपर्यंत परतलो नाही. पुढे खाटही वखारीतच नेली.

सगळ्यात जास्त लागलं ते मात्र धंद्यात. एका तबेलेवाल्याशी ओलीवरून बोलणं चाललं होतं. मी गासडीत हात घालून म्हटलं, सुकी आहे, घेऊन जा. तो हसला. "शेठ, तुमच्या हाताचं काय सांगता? त्याला तर काय पण लागतंय." गाडीवरचे हमालसुद्धा हसले. मी, ज्याच्या तोंडाला सगळा हायवे वचकून असतो, तो गप्प राहिलो. कारण त्या क्षणी माझा हात गासडीच्या आत होता आणि त्यावर काहीतरी चालत होतं.

यंत्राशी केलेला सौदा

दिवाळी झाली आणि बबन आला. बबन म्हणजे सुनंदाचा धाकटा भाऊ. त्याचा कुणी ओळखीचा मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात नोकरीला होता.

"दाजी, तितं येक मशीन हाय. आतलं समदं दिसतंय. तुमच्यासारक्या लोकांचं बगत्यात, फुकट."

"माझ्यासारक्या म्हंजे?"

"ज्येंच्या आंगात चालतंय त्ये," बबन म्हणाला आणि जमिनीकडे बघत राहिला.

मी तयार झालो. मशीनला गवत दिसलं की सगळ्यांची तोंडं बंद होणार होती. सुनंदा, बबन आणि मी गेलो.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने पहिल्यांदाच माझा घोटाळा दूर केला. "काका, आम्ही हाताचा फोटो काढत नाही, मेंदूचा काढतो. हातावर काही जाणवतं तेव्हा मेंदूत काय होतं, ते बघतो."

"कुसळ हातात हाय. तुमी डोक्यात कशाला बघताय?"

ती रागावली नाही. "तुम्हाला जाणवतंय, हे मला मान्य आहे. तुम्ही खोटं बोलत नाही. ते कुठून येतंय यावर आपलं पटत नाही, एवढंच."

त्या सगळ्या वर्षात हे मला कुणी म्हटलं नव्हतं. बायकोने नाही, मुलीने नाही. मी खुर्चीत नीट बसलो आणि भाव करायला लागलो. चित्र मला दाखवायचं. त्यात काय दिसलं ते तोंडावर सांगायचं. आडपडदा नको.

"चित्र दाखवीन," ती म्हणाली. "पण एकट्या तुमच्या चित्रावरून तुमच्याबद्दल काही ठरवून सांगता येणार नाही. तुमच्यासारखं होणारे बरेच लोक आणि तसं न होणारे बरेच लोक, सगळ्यांची चित्रं शेजारी ठेवून फरक शोधायचा असतो."

"एका गासडीवरून माळ ठरत नाय."

ती हसली. "तसंच. आणि आमची एक अट आहे. या त्रासावर औषध चालू असेल तर चालत नाही. औषधाने मेंदूचं काम बदलतं, मग चित्र आजाराचं की औषधाचं ते कळत नाही. काही घेता?"

"नाय. आणि घेणार पण नाय."

तिने सुनंदाकडे पाहिलं. "काकू, काही चालू आहे का?"

सुनंदा मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. तिने मान हलवली. नाही. बबन खिडकीतून बाहेर बघत होता. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. माणसाच्या चेहऱ्यावरून मनातलं ओळखणारा मी, माझ्या शेजारच्या खुर्चीकडे मी पाहिलंच नाही.

आत जाण्याआधी विचारतात, अंगात लोखंड आहे का, पट्टी, खिळा, काही? मी म्हटलं, "लोखंड नाय, गवत हाय." तिथला माणूस हसला आणि त्याने माझ्या पायांवर ब्लँकेट घातलं. खोली फार गार असते. ज्यांना जायचंय त्यांनी मोजे घालून जावं.

मशीनच्या नळीत डोकं जाळीत अडकवून ठेवतात. हलायचं नाही. मग ठोकायला सुरुवात होते, आमच्या प्रेसच्या आवाजापेक्षा जास्त. डोळे मिटून घेतले की जमतं. कुणीतरी माझ्या डाव्या हातावरून मऊ कुंचला फिरवत होतं, आणि उजव्या हातात बटण होतं. स्पर्श कळला की दाबायचं. मी दाबत गेलो. मधूनच कानातल्या यंत्रातून तिचा आवाज यायचा, "काका, आत्ता चालतंय? थोडं की जास्त? कुठे?"

मी सांगत होतो. कोपराच्या आत. थोडं. आता वर. आता थांबलं. कुणीतरी विचारत होतं आणि ऐकून घेत होतं. तो आवाज थांबू नये असं मला वाटत होतं. विचित्र वाटेल, पण त्या वर्षात मला सगळ्यात कमी एकटं वाटलं ते त्या बंद नळीत.

बाहेर आल्यावर कळलं की काही वेळा कुंचला फिरलाच नव्हता, तरी मी बटण दाबलं होतं. ती ते आपणहून म्हणाली नाही, मीच विचारून काढून घेतलं. वाटभर मी त्याचाच विचार करत होतो. शेवटी ठरवलं की तेव्हा कुसळ चाललं असणार.

झोप

त्यानंतर हळूहळू चालणं कमी झालं. आधी दंडावरचं, मग कोपरावरचं. मी कुणाला बोललो नाही. बोललं तर परत येईल अशी भीती वाटायची.

पण दुसरंच काही सुरू झालं होतं. अंग लाकडासारखं व्हायचं. उशीवर लाळ यायची. किसन म्हणाला, "शेठ, चावीच्या बाव्हलीगत चालताय तुमी." आणि झोप. बसलो तिथे डोळे मिटायचे. मला वाटलं, कुसळ मरताना अंगात विष सोडून गेलं.

एकदा भर दुपारी खोपोलीकडून टेंपो घेऊन येत होतो. डोळा लागला. जाग आली तेव्हा टेंपो रस्त्याच्या कडेच्या चरात कलला होता आणि मागचे गाडीवाले हॉर्न मारत होते. तिथून हाकेच्या अंतरावर शाळेतून सुटलेली पोरं चालली होती. मला खरचटलंसुद्धा नाही. घरी येऊन सुनंदाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी टेंपोची चावी सापडेना. मी किसनवर ओरडलो, हमालांवर ओरडलो, त्यांच्या सात पिढ्या काढल्या. चावी तिने तांदळाच्या डब्यात पुरली होती, हे मला पुढे कळलं.

चहाचे कप

शिमगा झाला. हंगामाची शेवटची गाडी भरत होती. तोच तबेलेवाला आला होता, बबनही होता. चालणं पूर्ण थांबलं होतं आणि आता मला ते पोटात ठेववेना.

"कुजलं ते," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "आतल्या आत कुजून गेलं. डॉक्टर म्हणत होते माझं डोकं फिरलंय. ही पण तेच म्हणायची. बोल गं आता, डोकं कुणाचं फिरलेलं?"

सुनंदा चहाचे कप घेऊन येत होती. तिने ताट गासडीवर ठेवलं.

"कुसळ नव्हतंच वो."

"काय?"

"मी औषध घातलं तुमच्या चहात. रोज घातलं. म्हणून थांबलं ते."

बबन पुढे झाला. "ताई, गप."

"गप काय? किती गप बसू रं? ह्यांनी चारचौघांत मला येडी म्हणायचं आनी मी च्या घ्यून उभं ऱ्हायाचं?" तिचा आवाज फाटला. "थेंब मोजून घालत व्हते मी."

वखारीत सगळे थांबले. तबेलेवाला ताटातल्या कपांकडे बघत होता. मी ते ताट उचलून भिंतीवर मारलं आणि चालायला लागलो.

केळी आणि अंडी

शेलूला मुलीकडे गेलो. तिथे मी कुणी शिजवलेलं काही खाल्लं नाही. केळी, शहाळं, मीच उकडून मीच सोललेली अंडी. ज्यात कुणाला काही घालता येत नाही तेवढंच. मुलगी म्हणाली, "बाबा, मी पण घालीन का काही?" मला तिला 'नाही' म्हणता आलं नाही. तिने स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. गॅलरीतून समोर नव्या बिल्डिंगी दिसायच्या, दोऱ्यांवर वाळणारे कपडे, कुणाच्यातरी आमटीच्या फोडणीचा वास यायचा. मी केळं सोलत बसायचो. माझ्या रक्ताची माणसं त्या दाराच्या पलीकडे होती आणि मी त्यांच्या हातचं पाणीसुद्धा पीत नव्हतो.

काही आठवड्यांत अंग मोकळं झालं, झोप गेली. आणि एका सकाळी, दाढी करताना, मनगटाच्या वर ते पुन्हा निघालं.

मी वस्तरा खाली ठेवला. मी काटा वापरणारा माणूस आहे. माल तोच असेल आणि काटा बदलल्यावर वजन बदलत असेल, तर खोट मालात नसते. चहा सुरू होता तेव्हा थांबलं, चहा सुटला आणि आलं. गवताच्या काडीला माझ्या चहाची काय खबर?

कर्जतच्या त्याच त्वचेच्या डॉक्टरकडे गेलो, डबी न घेता. त्यांनी एका मनाच्या डॉक्टरचं नाव दिलं. त्या मनाच्या डॉक्टरांनी माझ्याशी बोलून, मला विचारून, कमी झोप आणणारी गोळी दिली. टेंपो चालवता का, हा त्यांचा तिसरा की चौथा प्रश्न होता. पहिली गोळी मी माझ्या हाताने घेतली. तिला कडवट चव होती.

आता चालत नाही. कुसळ कधीच नव्हतं, याची मला पूर्ण खात्री आहे का? खरं सांगायचं तर पूर्ण नाही. गोळी घ्यायला आहे तेवढी खात्री पुरते, हे मात्र मला कळलंय. ज्यांना खात्री पटत नाही त्यांनी खात्रीची वाट बघत बसू नये, एवढंच सांगतो.

माझं चित्र

एक गोष्ट राहिली होती. मी मुंबईला त्या तरुण डॉक्टरीणबाईंकडे एकटा गेलो आणि सगळं सांगितलं. त्या दिवशी माझ्या पोटात औषध होतं, मला माहीत नव्हतं, माझ्या बायकोला होतं.

तिने माझी फाइल काढून तारीख पाहिली. मग म्हणाली, "काका, सांगितलंत ते फार बरं केलंत. पण तुमचं चित्र आता आम्हाला अभ्यासातून काढावं लागेल."

"टाकून देणार?"

"बाकीच्यांच्या शेजारी ठेवता येणार नाही. त्यात आजार किती आणि औषध किती, ते सांगता यायचं नाही."

तिने शब्द पाळला, चित्र दाखवलं. काळ्या पडद्यावर राखाडी मेंदू, अक्रोडासारखा. स्पर्श कळतो तो भाग कुठला, आणि आलेली खबर आतली की बाहेरची हे ठरवायला हातभार लावणारा भाग कुठला, असं तिने बोटाने दाखवलं. मी विचारलं, "मग माझ्यात काय झालं होतं?" ती म्हणाली, "या चित्रावरून मी खरं सांगू शकत नाही. अंदाजाने सांगितलं तर ते खोटं होईल."

मला तिचा राग आला नाही. पण जिना उतरताना एकच मनात येत होतं. ज्या दिवसांत कुणी विश्वास ठेवत नव्हतं, त्या दिवसांत एकदाच कुणीतरी माझ्या आत डोकावून पाहिलं होतं. आणि जे पाहिलं त्यात दुसऱ्याने हात घातलेला होता. ते दिवस आता पुन्हा आणता येत नाहीत. माझ्यासोबत काय झालं याचा साक्षीदार उरला नाही.

जबाब

मग बबनकडून पत्ता घेऊन मी खोपोलीला गेलो, ज्याने मला न बघता औषध लिहून दिलं होतं त्या डॉक्टरकडे. नाव सांगितलं. त्याला आठवलं.

"बसा. बरे दिसताय."

"तुमी मला बघितलं नव्हतं."

"तुमच्या मिसेस रडत होत्या," तो म्हणाला. "तुम्ही हात जाळून घेतला होता. यायला तयार नव्हता. मी काय करायला हवं होतं?"

"विचारायला हवं होतं."

"तुम्ही हो म्हणाला असता?"

"नाय. शिव्या दिल्या असत्या. पण तो जबाब माझा असता. मी टेंपो चालवतो, हे तरी विचारलंत का तुमी तिला?"

त्याने दाराकडे पाहिलं. "बाहेर पेशंट थांबलेत. तुम्ही बरे झालात, हे महत्त्वाचं नाही का?"

आहे. महत्त्वाचं आहे. पण डॉक्टर, तो माझ्या प्रश्नाचा जबाब नाही, आणि तुम्ही घंटी वाजवून पुढच्या माणसाला बोलावलंत म्हणून माझा प्रश्न संपलेला नाही.

मी आता घरी परतलोय. सुनंदा सकाळी चहा करते. कप माझ्यासमोर आणते, बशीत थोडा ओतते, माझ्याकडे बघत आधी स्वतः पिते, आणि मग कप माझ्याकडे सरकवते. मी तिला तसं करायला सांगितलेलं नाही. एकदा म्हटलं, "नको करू गं असं." ती म्हणाली, "आसू द्या. तुमाला बरं वाटंल."

मला बरं वाटत नाही. स्वतःच्या घरात, इतक्या वर्षांच्या संसारानंतर, नवऱ्याच्या आधी चहा चाखून दाखवणारी बाई समोर बसलेली असते आणि मला तो चहा गिळवत नाही.

तुम्ही तिच्या हातात बाटली दिलीत आणि दार लावून घेतलंत. नवरा लाकडासारखा चालायला लागला तेव्हा तिने कुणाला विचारायचं? टेंपो चरात गेला तेव्हा कुणाला सांगायचं? मुंबईत तिला तोंडावर विचारलं तेव्हा खोटं बोलायचं की खरं, हे तिला कुणी शिकवलं होतं? ते सगळे महिने ती एकटी होती, आणि मी तिच्या समोर बसून चहा पीत होतो.

तेव्हा डॉक्टर, माझ्या घरी या. किंवा आम्ही दोघं येतो, तुम्ही बाकीचे पेशंट थांबवा. तिच्यासमोर बसा आणि तिला सांगा की ते खोटं तुमचं होतं, तिचं नव्हतं, तिने फक्त ते वाहिलं. मला काही सांगू नका. तिला सांगा. रोज सकाळी ती माझ्याआधी जो घोट घेते, त्याचा जबाब तुम्ही द्यायचा आहे.